मांकाची डोण

आमच्या उतारावर एका घरच्या कॉफीला अशी चव होती, की ती शोधत एक बाई समुद्रापलीकडून इथवर चढून आली. आता ती चव राहिली नाही. ती कशी गेली हे गावात तिघांनाच नीट माहीत आहे: मांका, तिचा नवरा एलिफासी आणि मी. मांका पुन्हा तोंड उघडणार नाही. एलिफासीला सांगायची लाज वाटते. लाज मलाही वाटते, पण माझ्या लाजेला आता विचारतो कोण?

मी शादराका. कॉफीची झाडं छाटणं हा माझा धंदा. किलिमांजारोच्या या अंगाला घरटी अर्धा-पाऊण एकर बाग असते, वर केळी आणि केळीच्या सावलीत कॉफी, आणि वर्षातून एकदा प्रत्येक बागेत माझी करवत फिरते. त्यामुळे कुणाच्या झाडाला कुणाचा हात लागतो आणि कुणाचा नुसता गप्पांत लागतो, हे मला फांदी बघून कळतं.

मांका उरोनू माझी शेजारीण. तिच्या-माझ्या बागेमध्ये इसालेचं कुंपण आहे. इसालेची पाती लांब, हिरवीगार. आम्ही ती बांधावर लावतो, थडग्याच्या उशाशी लावतो, आणि कुणाचा अपराध केला की त्यातलंच एक पान तोडून, त्याला गाठ मारून त्याच्या दारात जातो. दारात आलेलं पान नाकारता येत नाही. पान घेतलं की क्षमा झाली. मग दोघांनी भोपळ्याच्या एकाच तुंब्यातून प्यायचं आणि तो विषय संपवायचा.

मांका लग्न होऊन आली तो दिवस मला लख्ख आठवतो. ओढ्यापलीकडच्या गावची पोर, अठरा वर्षांची, सडसडीत. तिच्या मागून तिचे चार भाऊ खांद्यावर एक लाकडी डोण घेऊन आले. एका अखंड खोडातून कोरलेली, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. आमचे म्हातारे दारात बसले होते, ते लागले खिदळायला. “एलिफासी, अरे बायको आणलीस की होडी?” मांकाने मान वर केली नाही, पण उत्तर दिलं. “होडीच आहे आजोबा. संध्याकाळी तुम्हीच हिच्यात बुडणार.”

आणि बुडालेच सगळे. ती डोण म्बेगेची होती, तिच्या आईची. म्बेगे म्हणजे आमची केळ्याची दारू. पिकलेली केळी उकळायची, डोणीत आंबवायची, नाचणीला मोड आणून तिचं पीठ शिजवून त्यात घालायचं आणि वरून एका झाडाची कडू साल. म्बेगे सगळ्याच बायका करतात. पण मांकाच्या म्बेगेत गोड कुठे संपलं आणि कडू कुठे सुरू झालं, ते कधी कळायचं नाही.

आमच्याकडे बाग एकच असते, पण वरची बायकोची आणि खालची नवऱ्याची. केळी, दूध, म्बेगे हे बाईचं. कॉफी पुरुषाची. पुरुषाची म्हणजे नाव त्याचं. फळं तोडणार ती, त्यांतली लाल तेवढी निवडणार ती, हाताच्या यंत्रावर साल काढणार, बिया भिजवणार, धुणार, जाळीच्या मांडवावर वाळवणार तीच. नवरा पोत्याचं तोंड शिवतो आणि मग चारचौघांत ‘माझी कॉफी’ म्हणतो. मीही म्हणतो. आजवर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांना एकच मुलगा झाला, सिफाएली. सात वर्षांचा असताना तापाने गेला. खड्डा मी खणला, कारण एलिफासीच्या हातात फावडं टिकत नव्हतं. केळीत, माझ्या कुंपणापासून दहा पावलांवर त्याला ठेवला आणि उशाशी इसाले लावली. त्यानंतर एलिफासी प्यायला लागला तो असा, की सकाळी डोणीशेजारी सापडायचा. पाच-सहा वर्षं तशीच काढली त्याने. मग एक दिवस खाली मैदानात तंबू लागला, कुणी मोठे ख्रिस्ती प्रचारक आले, आणि एलिफासी त्या तंबूतून पापांपासून तारण मिळवून घरी आला.

आल्या आल्या त्याने घरातले सगळे तुंबे फोडले. मडकी फोडली. मग कुऱ्हाड घेऊन डोणीकडे वळला. मांका गेली आणि सरळ डोणीत जाऊन बसली.

“ऊठ,” एलिफासी म्हणाला.

“आधी मला तोडा, मग हिला.”

“या घरात दारूचं भांडं राहणार नाही!”

“मग कॉफी कशात भिजवू? दोन बादल्यांत? सिमेंटची टाकी बांधून द्यायला तुमचे प्रचारक येणारेत का?”

कॉफी त्याची होती ना. त्याने कुऱ्हाड टेकवली आणि मांकाकडून वचन घेतलं, की या डोणीत आता कॉफीखेरीज काही पडणार नाही. मांकाने वचन दिलं. मी कुंपणापलीकडून ऐकत होतो, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं ते माझ्या तुंब्याचं.

बारा वर्षं एलिफासी थेंब प्यायला नाही. त्याबद्दल मी त्याला मानतो. चर्चच्या पंचांत गेला, इस्त्रीचा शर्ट घालू लागला. आणि दर जुलैत आठ दिवस शहरात चर्चची सभा असायची, तिला जाऊ लागला.

त्या आठ दिवसांत मांका म्बेगे करायची. फार नाही, दोन घागरी. एक तुंबा तिने केळीत लपवून ठेवला होता. तो भरून ती सिफाएलीच्या थडग्याशी जायची, पहिली धार त्याच्या उशाशी ओतायची आणि त्याच्याशी काहीबाही बोलायची, किती उंच झाला असतास, कुणाच्या मुली बघितल्या असत्या, असलं. आमच्यात मेलेल्याला तहानलेलं ठेवत नाहीत. मग कुंपणाशी येऊन हाक मारायची. “भाऊजी, झाडं छाटून झाली असतील तर या.” दुसरा तुंबा माझा. खड्डा खणणाऱ्याचा तेवढा मान असतो. उरलेली ती केळीच्या बुंध्यांना घालून टाकायची. डोण विसळायची ती नुसत्या पाण्याने, आणि पंधरा दिवसांत कॉफीचा पहिला तोडा आला की सोललेल्या बिया त्याच डोणीत दोन रात्री भिजत पडायच्या.

यात कॉफीचं काही होत असेल असा विचार आमच्या स्वप्नातही आला नाही. इथं कॉफी पितं कोण? आम्ही चहावाले, दूध-साखर घालून.

मग एका वर्षी शहरातल्या व्यापारी कचेरीचा माणूस, मारिकी साहेब, गाडी घेऊन वर आला. बरोबर ती बाई. पांढऱ्या केसांची, उंच, चिखलाने भरलेले बूट, आणि शर्टाच्या खिशात एक मोठा चमचा. अर्धं गाव एलिफासीच्या अंगणात जमलं. बाईंनी स्वतः स्टोव्ह मांडला, एलिफासीच्या पोत्यातली कॉफी भाजून आणली होती ती दळली, वाट्यांत पाणी ओतलं आणि चमच्याने अशी सुर्रकन ओढली की पोरं किंचाळली. “आमच्या कार्ट्यांनी असा आवाज केला तर थोबाडीत बसते,” एक म्हातारी म्हणाली, “आणि हिला गाडीतून फिरवतात!”

बाई बोलू लागल्या आणि मारिकी सांगू लागला. “बाई म्हणतात, पिकलेलं केळ आहे यात. मध आहे. भाजलेलं धान्य आहे. आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या पार मागे, झाडाच्या सालीसारखं बारीक कडू. तीस वर्षांत अशी कॉफी चाखली नाही म्हणतात. म्झे एलिफासी, बाई विचारतात, तुम्ही हिला करता तरी काय?”

म्झे म्हणजे मानाचा म्हातारा. त्या एका शब्दाने एलिफासी वीतभर उंच झाला. शर्टाची बाही सारखी केली त्याने.

“प्रार्थना,” तो म्हणाला. “तोडा सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येक झाडाखाली प्रार्थना करतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बारा वर्षांत त्या झाडांखाली माझ्या आणि मांकाच्या पावलांखेरीज तिसरं पाऊल मी पाहिलेलं नाही, ते जाऊ दे.

बाईंनी सगळ्यांना घोट-घोट दिला. लोकांनी तोंडं वाकडी केली, साखर मागितली. मांका चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिच्याही हातात कप आला. जन्मभर कॉफी पिकवलेल्या त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा आपली कॉफी तोंडाला लावली. घोट तोंडात तसाच ठेवून ती उभी राहिली. गिळेचना. मग ती माझ्याजवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “भाऊजी, ही सिफाएलीची आहे.”

मी घेतलेला घोट मला तेव्हा कळला. केळं, नाचणी, कडू साल. जुलैचा तुंबा.

इतक्यात बाई अंगणात फिरू लागल्या होत्या. नाक पुढे करून, वास घेत. भिंतीला टेकलेल्या डोणीशी थांबल्या. “हे काय?” मारिकीने विचारलं.

“गाईची,” एलिफासी झटकन म्हणाला. “पाणी पाजायची डोण.” आणि तो पुढे होऊन तिच्यावर पाय ठेवून उभा राहिला, शिकार केल्यासारखा. मारिकीने फोटो काढला. बाई आणखी दोन हात वाकल्या असत्या तर मला हे सांगत बसावं लागलं नसतं. मी मांकाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी चहा उचलला.

त्यानंतर गावात घाईच उडाली. वीस घरांचा गट झाला, एलिफासी त्याचा प्रमुख. पुढच्या वर्षी बाई सगळ्या गटाची कॉफी घेणार होत्या, एलिफासीसारखी झाली तर. मारिकीच्या कचेरीच्या प्रकल्पाकडून त्याच्या अंगणात नवी टाकी येणार होती, आतून पांढऱ्या फरशा लावलेली. “स्वच्छता, म्झे, स्वच्छता!” मारिकी जाताना म्हणाला. “बाहेरचे लोक स्वच्छता मागतात.” गटाची बैठक चर्चमध्ये भरायची, म्हणून गटात यायचं तर आधी चर्चमध्ये यायचं. मीही एका रविवारी हात वर केला आणि दारू सोडल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. तेवढं खोटं बोलायला मला फार जड गेलं नाही.

महिन्याने तो फोटो मोठा करून आला. एलिफासीने चर्चच्या भिंतीवर लावला. पास्टरने तो बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

“एलिफासी, पाय कशावर ठेवलायस?”

आमच्या उतारावर जन्मलेल्या पोरालाही गाईची डोण आणि म्बेगेची डोण यांतला फरक कळतो. त्याच दुपारी एलिफासी माझ्याकडे कुऱ्हाड घेऊन आला आणि सरपणासाठी म्हणून धार लावून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मांका कुंपणाशी आली. मी पाती छाटत होतो.

“भाऊजी, शनिवारी डोण फोडणारेत.”

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच तर धार लावून दिलीत.”

“मग सांगा ना त्याला, वहिनी. म्हणावं चव डोणीची आहे, टाकीत उतरायची नाही.”

“मी सांगू? मग विचारतील, बारा वर्षं कॉफीच भिजवतेस तर केळ्याची चव आली कुठून? काय सांगू, तुम्ही सभेला गेलात की मी पोराला पाजते म्हणून?” ती इसालेचं एक पातं बोटाला गुंडाळत होती. “तुम्ही पुरुषमाणूस आहात. झाडातलं कळतं तुम्हाला. नुसतं एवढं म्हणा, लाकूड जुनं आहे, लाकडाची चव उतरते, तोडू नकोस. माझं नाव नको, त्याचं नाव नको. एवढंच म्हणा भाऊजी. ती गेली तर मी त्याला कशात करून देऊ?”

“सांगतो,” मी म्हणालो. “काळजी करू नका.”

आणि मी गेलो. शुक्रवारी सकाळी गेलो, सांगायचं ठरवूनच गेलो. एलिफासी टाकीच्या फरशा पुसत होता. मला बघून म्हणाला, “ये ये, तुझीच आठवण काढत होतो. गटाची सगळी छाटणी तुझ्याकडे. वीस घरं. करवत नवी, बूट नवे, प्रकल्पाकडून.” त्याने आतून बूट आणून माझ्यापुढे ठेवले. मी ते पायात घालून बघितले. बरोब्बर बसले. मग चहा झाला, टाकीचं कौतुक झालं, आणि मी घरी आलो.

मांका कुंपणाशी वाटच बघत होती. “काय म्हणाले?”

“बोललो,” मी म्हणालो. “विचार करतो म्हणाला.”

तिने माझ्या पायांतल्या बुटांकडे बघितलं आणि आत गेली.

शनिवारी टाकीच्या उद्घाटनाला जेवण होतं. एलिफासीने सकाळीच डोण फोडली. लाकूड जुनं, लोखंडासारखं झालेलं, त्याला घामाच्या धारा लागल्या. ढलप्या ओढत त्याने चुलीपाशी टाकल्या आणि मांकाला म्हणाला, “यावरच कर स्वयंपाक. देवाच्या कामी तरी येऊ दे.” तो फोडत असताना या वेळी ती डोणीत जाऊन बसली नव्हती. मला वाटतं, मी खरंच बोललो असेन अशी थोडी आशा तिला त्या क्षणापर्यंत होती.

लाकूड लवकर पेटेना. टोकांना फेस यायचा. मांका फुंकणीने फुंकत राहिली, डोळे पुसत राहिली, धुरामुळे म्हणा. आणि मग त्या धुराला वास सुटला. केळ्याचा, नाचणीचा. सगळं अंगण भरून गेलं.

“वा,” पास्टर म्हणाले, “केळी छान शिजतायत.”

एलिफासी त्यांच्या शेजारी उभा होता. त्याने तो वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला. ज्या माणसाने ती म्बेगे इतकी वर्षं प्यायली, त्याला तो वास ओळखायला सांगावं लागत नाही. आणि बारा वर्षं जुना वास असा ताजा येत नाही, हेही त्याला कळलं. पण तो बोलला नाही. पाहुणे होते. मीही बोललो नाही, मी पंगतीत होतो.

मांका केळी-मटण वाढत माझ्यापाशी आली. “आणखी घ्या, भाऊजी,” ती म्हणाली. “विचार करायला ताकद लागते माणसाला.”

मी आणखी घेतलं.

पुढल्या जुलैत एलिफासी सभेला गेला. मांका थडग्याशी गेली ती चहाचा कप घेऊन. मी कुंपणाच्या अलीकडे उभा होतो. तिने चहा ओतला, थोडा वेळ बसली, पण ओठ काही हलले नाहीत. जाताना मला हाक मारली नाही.

त्या हंगामात गटाने काम केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. लाल तेवढीच फळं तोडली. पांढऱ्या टाकीत भिजवली, चारदा पाणी बदललं. एलिफासीने खरोखरच झाडाखाली जाऊन प्रार्थना केली, मी स्वतः बघितली. नमुना गेला. महिन्याभराने मारिकी आला, एकटाच.

बैठक चर्चमध्येच भरली. मारिकी उभा राहिला आणि बाईंचा निरोप वाचला. “स्वच्छ आहे. चांगली आहे. पण ती ही नाही.” त्याने कागद घडी करून खिशात घातला. “बाई यंदा येत नाहीत. तुमची कॉफी बाकीच्यांच्यात मिसळून जाईल. म्झे, बदललं काय नेमकं?”

वीस घरं एलिफासीकडे बघू लागली. त्याचे डोळे इकडे-तिकडे फिरले, आणि मग शेवटी जिथं आपल्याकडच्या पुरुषांचे डोळे जाऊन थांबतात तिथं थांबले.

“तोडा बायकांच्या हातात असतो,” तो म्हणाला. “माझ्या घरात हयगय झाली. हिचं आता कामात लक्ष नसतं. हिरवी फळं आली असतील. मी सगळ्यांसमोर कबूल करतो.”

मांका मागच्या बाजूला बायकांत बसली होती. उठून उभी राहिली.

“माझ्या हातून एक हिरवं फळ कधी टोपलीत पडलं नाही,” ती म्हणाली. “चव डोणीची होती. ती तुम्ही फोडून जाळलीत. दर जुलैत मी तिच्यात म्बेगे करत होते, सिफाएलीसाठी. केळ्याची चव त्याची होती. बाईंना आवडली ती त्याच्या वाटणीची होती.”

एलिफासीने शर्टाची बाही सारखी केली. मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. त्याने एकदा मान हलवली असती तरी पुरे होतं.

“खोटं आहे,” तो म्हणाला. “आपला आळस झाकायला मेलेल्या पोराला मध्ये आणतेय.”

पास्टर म्हणाले, “मांका, हा फार मोठा आरोप तू स्वतःवरच घेते आहेस. कुणी पाहिलंय? साक्षीला कोण आहे?”

“शादराका भाऊजी,” ती म्हणाली. किती सहज म्हणाली! “दर वर्षी दुसरा तुंबा त्यांचा. त्याचा खड्डा त्यांनी खणला होता. विचारा.”

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी खाली बघितलं. पायांत ते बूट होते. वीस घरांची छाटणी माझ्याकडे होती, आणि याच खोलीत हात वर करून मी दारू सोडल्याचं सांगितलं होतं. मला वाटलं, मी गप्प राहिलो तर कदाचित विषय पुढे जाईल. पण पास्टर थांबले होते.

“मला असं काही आठवत नाही,” मी म्हणालो.

आणखी क्षणभर मांका माझ्याकडे बघत राहिली आणि खाली बसली. पास्टरनी निवाडा दिला. म्बेगे केली असेल तर पाप, नसेल केली तर खोटी साक्ष, दोन्हीकडून तिची जागा शेवटच्या बाकावर. लोकांनी मात्र खोट्याचंच धरून ठेवलं. गावात आजही म्हणतात, मांकाने हिरवी फळं तोडली, गटाचं वाटोळं केलं आणि वर मेलेल्या पोराचं नाव घेतलं. बायका तिच्याबरोबर पाटावर पाणी भरत नाहीत. एलिफासी तिच्या हातचं जेवतो, पण बोलत नाही. तिच्याकडे बघायचंही टाळतो. त्याचं कारण राग नाही, हे मला ठाऊक आहे.

आठ महिने मी कुंपणाच्या त्या टोकाला करवत नेली नाही. शेवटी गेल्या मंगळवारी एलिफासी खाली बाजाराला गेलेला बघून एक पान तोडलं, गाठ मारली आणि मांकाच्या दारात गेलो.

ती वाळत्या कॉफीतल्या फुटक्या बिया निवडत होती. पान बघितलं, हात थांबला नाही.

“कुणाकडून?”

“माझ्याकडून, वहिनी.”

“कशाबद्दल? तुम्हाला तर काही आठवत नाही.”

“आठवतं. सगळं आठवतं.”

“मग इथं कशाला आलात? तिकडे जाऊन सांगा. रविवारी सगळे असतात.”

मी पान पुढे धरलं. ती तशीच निवडत राहिली, मूठभर, दोन मुठी. मग हात झाडून उठली आणि माझ्या हातातलं पान घेतलं.

“दारात आलेलं पान परत करायचं नसतं,” ती म्हणाली. “आईने तेवढं शिकवलंय.” ते तिने पत्र्याच्या पन्हाळीखाली खोचलं. “आता एकत्र प्यायला हवं. थांबा.”

आतून तिने तोच तुंबा आणला, केळीत लपवलेला. त्यात कॉफी होती, टाकीतली, गटाची. तिने अर्धी प्यायली आणि तुंबा मला दिला. मी शेवटपर्यंत प्यायलो. गरम होती, कडू होती. केळं नाही, नाचणी नाही, कुणीच नाही तिच्यात.

“कशी आहे?” तिने विचारलं.

“चांगली आहे, वहिनी.”

तिने तुंबा माझ्या हातून घेतला, उपडा करून तळाचे थेंब झटकले. “पान देऊन चार घोट झाले नाहीत, भाऊजी,” ती म्हणाली, “आणि पुन्हा खोटं.”

मग ती मांडवाकडे वळली आणि बिया निवडू लागली. मी घरी आलो. पान तिने घेतलं आहे. रिवाजाप्रमाणे मला क्षमा झाली आहे.